मूठमाती

नगरला मार्चअखेरीला दुपारी कबरस्थानात कोणी फिरकत नाही. 30 मार्च 2024, ईस्टरच्या आदल्या दिवशीचा शनिवार. ऊन कलल्यावर, पाचच्या सुमारास, ताई आणि मी माझ्या पत्नीची कबर साफ करायला गेलो. ताईकडे खुरपं, चुन्याची बादली आणि कुंचा. माझ्या हातात पाण्याचे दोन कॅन. पत्नीला जाऊन तीन वर्षं होत आली होती आणि मी तिथे पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. पस्तीस वर्षं नर्स होती. मी शाळेत विज्ञान शिकवतो. आमचं घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती, पण 2021 नंतर मी चर्चची पायरी चढलो नव्हतो. पाळक दोनदा घरी येऊन गेले. मी दार उघडलं, चहा दिला, विषय बदलला. ताईने मात्र तीन वर्षांत एकदाही ‘चर्चला चल’ म्हटलं नाही. त्या दिवशीही एवढंच म्हणाली, “गवत माजलंय रे. माझ्या एकटीच्याने होत नाही, गुडघे दुखतात.” म्हणून गेलो.

गवत काढता काढता आमचं जे बोलणं झालं, ते आठवतं तसं लिहितो आहे.

मी : उद्या पहाटे सगळे इथेच जमणार ना? मेणबत्त्या लावणार, गाणार. मला ते सोसत नाही ताई. चारी बाजूंना कबरी असताना माणसं एवढ्या खात्रीनं कशी गातात?

ताई : कबरी आहेत म्हणूनच इथे येतात. चर्चमध्ये पंख्याखाली बसून गाणं सोपं असतं.

(सूर्योदयाच्या उपासनेची ही चाल मोरावियन मंडळीची. जर्मनीतल्या हेर्नहूट गावातले तरुण 1732 साली ईस्टरच्या पहाटे गावाच्या दफनभूमीत गेले, आणि तिथून ती देशोदेशी गेली. त्यांच्याकडे श्रीमंताचा आणि गरिबाचा दगड एकाच मापाचा, जमिनीसरसा असतो. हे मला नंतर वाचून कळलं. त्या संध्याकाळी मला फक्त संताप येत होता.)

मी : तुला ती गेली त्या दिवसांतलं सगळं माहीत नाही. 2021 चा ईस्टर 4 एप्रिलला झाला, दुसऱ्या दिवसापासून निर्बंध लागले, चर्च बंद. पुढच्या दोन आठवड्यांत ती गेली. मी कोरोना पॉझिटिव्ह, वरच्या खोलीत बंद. दिवसभर फोन. जो तो म्हणे, देवाची इच्छा. एक जण तर म्हणाले, देवाला तिची जास्त गरज होती. सत्तेचाळीस वर्षांची बाई, दहावीतली पोर मागे. देवाला कसली गरज होती गं?

ताई : खोटं बोलले ते.

खुरपं थांबलं. ताई असं कोणाबद्दल बोलत नाही.

ताई : मुद्दाम नाही. माणूस घाबरला की असं काहीतरी बोलून मोकळा होतो. पण शास्त्रात ते नाही. लाजराच्या कबरीपाशी येशू रडला. थोड्याच वेळात तो लाजराला हाक मारून बाहेर काढणार होता, तरी रडला. आणि नुसता रडला नाही, संतापला. योहानाने तिथे जो ग्रीक शब्द घातलाय तो घोडा फुरफुरतो त्यालाही वापरत, असं पाळकांनी आम्हाला बायबल क्लासमध्ये सांगितलं होतं. कबरीसमोर देवाचा पुत्र असा संतापतो. आणि पौल? तो मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. देवाचा निरोप्या नाही म्हणत. शास्त्र ज्याला शत्रू म्हणतं, त्याच्या करणीला देवाची इच्छा म्हणणारे आपण कोण?

मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत, पण माझ्या आतलं काही हललं ते या बोलण्याने. तीन वर्षं मला दोनच वाटा दिसत होत्या. जे झालं ते देवाने केलं असं मानून मान खाली घालायची, नाहीतर देवाला सोडायचं. मी दुसरी धरली होती. देवाच्या बाजूला उभं राहून मरणाचा द्वेष करता येतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ख्रिस्ती माणसाने मरणाशी समजूतदारपणे जुळवून घ्यावं असा आपल्या मंडळ्यांमधला जो समज आहे, त्याने दुःखी माणसांचं फार नुकसान केलं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पुनरुत्थानाची आशा त्या समजाच्या नेमकी उलट आहे.

पण तेव्हा मी हट्टाला पेटलो होतो.

मी : शत्रू म्हटल्याने तो हरत नाही. रक्त पोहोचायचं थांबलं की मेंदूच्या पेशी काही मिनिटांत मरू लागतात. हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. तीन दिवसांनी तिथून कोणी परत येत नसतं.

ताई : हे तू मला सांगतोस? किती जणांचे डोळे मिटले असतील या हातांनी, जबडे बांधले असतील. मेलेलं माणूस म्हणजे काय हे मला कळतं. येशूच्या कबरीकडे गेलेल्या त्या बायकांनाही कळत होतं. सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या त्या प्रेताला लावायला. तेव्हा प्रेतं घरातच धुवायचे, घरातलेच हात. मेलेला उठत नाही हे त्यांना तुझ्या पुस्तकातून शिकायचं नव्हतं.

मी : दुःखात माणसाला भास होतात. मलाही व्हायचे. पहिल्या पावसाळ्यात रात्री तिचा खोकला ऐकू यायचा.

ताई : बोलला नाहीस कधी.

मी : काय बोलणार?

ताई : मग काय केलंस? ती जिवंत झाली म्हणालास?

मी : नाही. ती इथे आहे, या मातीत, हे माहीत होतं.

ताई : तेच म्हणतेय मी. भास म्हणजे काय हे त्यांनाही ठाऊक होतं. लूक लिहितो, येशू समोर उभा राहिला तेव्हा शिष्यांना भूत वाटलं. मग त्याने खायला मागितलं आणि त्यांच्यादेखत भाजलेला मासा खाल्ला. नुसतं दिसलं असतं तर त्याचा आत्मा दिसला म्हणून रडले असते आणि घरी गेले असते. कबर रिकामी आहे असं कशाला म्हणतील? आणि पुनरुत्थान व्हायचं ते शेवटल्या दिवशी, सगळ्यांचं एकदम, अशी त्यांची समजूत. लाजराची बहीण मार्था येशूला तसंच सांगते. मधेच एकट्याचंच होईल, तेही वधस्तंभावर टांगलेल्याचं, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. मनात नसलेल्या गोष्टीचा भास होतो का रे?

मी : मग नंतर कोणीतरी रचलं असेल.

ताई : रचणाऱ्याने बायका कशाला घातल्या असत्या?

हा मुद्दा मी घरी येऊन ताडून पाहिला. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार जोसेफस लिहितो की स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये. तरी चारही शुभवर्तमानांत कबरीपाशी पहिल्या पोहोचतात त्या बायका, आणि लूक तर शिष्यांनी त्यांचं बोलणं बडबड समजून उडवून लावलं हेही लपवत नाही. मार्काच्या सर्वांत जुन्या प्रतींमध्ये शुभवर्तमान संपतं तेच बायका भिऊन पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत इथे. करिंथकरांना पौलाने इसवी सन 55 च्या आसपास, म्हणजे वधस्तंभानंतर साधारण पंचवीस वर्षांत, पहिलं पत्र लिहिलं. त्यात ज्यांना ख्रिस्त दिसला त्यांची यादी आहे. पेत्र, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब. पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत असं तो मुद्दाम नोंदवतो. ज्याला विचारायचं त्याने जाऊन विचारावं, असाच त्याचा रोख आहे.

फळ्यावर सिद्धता मांडावी तसं हे नाही. मी ते तेव्हाही ताईला सांगितलं. पण ज्याला मी लहान मुलांची समजूत काढण्याची गोष्ट समजत होतो, ती तशी नव्हती एवढं मला कबूल करावं लागलं.

मी : बरं, तो उठला असं धरू. तो उठला. ती नाही उठली.

ताई बराच वेळ बोलली नाही. कडुलिंबाचा मोहोर वाऱ्याबरोबर कबरीवर पडत होता, तो तिने हाताने बाजूला सारला.

ताई : नाही उठली. आणि त्या महिन्यात देव कुठे होता, हे विचारणार असशील तर तेही मला ठाऊक नाही. मी रोज रात्री त्याच्याशी भांडत होते. मला एवढंच कळतं की पौल त्याला प्रथमफळ म्हणतो. आपले आजोबा ज्वारीचं पहिलं कणीस घरी आणायचे, आठवतं? पहिलं कणीस आलं म्हणजे शेत कापून झालं नाही. सगळं रान अजून उभंच असतं, मेहनत बाकी असते, पाऊसही पडू शकतो. पण दाणा भरलाय हे कळतं. ती या रानात आहे. मी तिला गमावली असं म्हणत नाही, पेरली म्हणते.

मी : तुला सोपं आहे. तुझा विश्वास कधी ढळला नाही.

ताई : सोपं? पंडिता रमाबाईंना सोपं होतं? दुष्काळात वडील गेले, आई गेली, बहीण गेली. नंतर भाऊ. लग्नाला दोन वर्षं होण्याआधी नवरा. हे सगळं ख्रिस्ती होण्याआधीचं. मग 1921 च्या जुलैत मनोरमा गेली, एकुलती लेक, जिच्या हाती केडगावच्या मुक्ती मिशनचं सगळं सोपवायचं ठरलं होतं. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत. पण बायबलचं भाषांतर त्यांनी खाली ठेवलं नाही. बाईंचे हात त्या महिन्यांत कसे चालले असतील, याचा मी पुष्कळ विचार केलाय.

मी : त्या रमाबाई होत्या.

ताई : आणि तू कोण आहेस? तू काय लपवतोयस माझ्यापासून? तीन वर्षं पाहतेय. दुःखाने माणूस रडतो, तू रडत नाहीस. तुला कोणी मारणार आहे असा वावरतोस.

ते मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

मी : मला आधी झाला ताई. शाळेकडून सर्वेक्षणाची ड्यूटी होती, घरोघर फिरत होतो. अंग दुखायला लागलं, तरी दोन दिवस अंगावर काढलं. तिच्याशेजारी जेवलो. तिसऱ्या दिवशी टेस्ट केली. मीच आणला तो घरात.

मला वाटलं, आता ती म्हणेल, तुझा काय दोष. सगळे तेच म्हणाले असते, म्हणूनच मी कोणाला सांगत नव्हतो.

ताई : त्या दिवसांत कोणाकडून कोणाला झाला, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. नर्स म्हणून एवढं सांगते. पण तू म्हणतोस तसंच झालं असेल, हेही धरून चालते. तुला पेत्राचं माहीत आहे. महायाजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा होता, तिथे त्याने तीनदा सांगितलं की मी याला ओळखत नाही. पुढे येशू उठला, सगळे आनंदात, आणि हा म्हणतो, मी मासे धरायला जातो. जुन्या धंद्याला. मला तो तिथे फार आपला वाटतो. ज्याच्या हातून घडलंय, त्याला ईस्टरचा आनंद झेपत नाही. रात्रभर जाळं टाकलं, काही लागलं नाही. पहाटे किनाऱ्यावर बघतो तर पुन्हा कोळशाचा विस्तव. योहान तोच शब्द वापरतो, दोन्हीकडे तोच. मासे भाजायला ठेवलेत, भाकर आहे, आणि तो हाक मारतोय, न्याहारीला या म्हणून. त्याने पेत्राला जाब विचारला नाही. त्या रात्री असं का केलंस, म्हणाला नाही. आणि झालं ते झालं नाही, असंही म्हणाला नाही. पुन्हा विस्तवापाशीच नेलं, आधी खाऊ घातलं, मग तीनदा एकच विचारलं, माझ्यावर प्रीती आहे का. आणि प्रत्येक वेळी काम दिलं, माझी मेंढरं सांभाळ.

मी : माझ्याकडे कुठली मेंढरं?

ताई : तुझी पोर रात्री मला फोन करते. आईबद्दल बोलायला. तुझ्यासमोर आईचं नाव काढायला भिते ती. अठरा वर्षांची पोर, तीन वर्षं बापाला जपते आहे.

मी खाली बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. रडलो, हे खरं. ताईने मला थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. उरलेलं गवत काढत राहिली.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. पत्नीला दफन केलं तेव्हा मी नव्हतो. पीपीई किट घातलेली चार माणसं, लांब उभे पाळक, आणि भिंतीबाहेर ताई. ताईने फोन लावून हात उंच धरला होता, मला ऐकू यावं म्हणून. आपल्या दफनविधीत मूठमाती देताना पाळक जे म्हणतात ते एकच लांब वाक्य आहे. मातीला माती सोपवतात, आणि श्वास न तोडता त्याच वाक्यात पुनरुत्थानाच्या खात्रीच्या आशेवर येतात. माझा फोन माती या शब्दावर कट झाला. पुन्हा लागला तेव्हा सगळे निघून गेले होते. वाक्याचा पुढचा अर्धा भाग मी कधी ऐकला नाही आणि मूठमातीही दिली नाही. दुसऱ्यांच्या दफनात ते वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. तिच्यासाठी म्हटलेलं अर्धंच ऐकलं.

हे मी ताईला सांगितलं.

ताई : अरे देवा. मला वाटलं होतं तू सगळं ऐकलंस.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, डोक्यावर पदर घेतला, आणि माझ्या पत्नीचं नाव घेऊन ते वाक्य पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हणाली. पाळक नाही, पुस्तक नाही, पांढऱ्या कपड्यातली माणसं नाहीत. तिला ते पाठ होतं. इतक्या दफनांना उभी राहिलेली बाई ती. मधे जिथे थांबायचं असतं तिथे ती थांबली आणि माझ्याकडे पाहिलं. मी खुरप्याने उकरलेली माती मुठीत घेतली आणि कबरीवर सोडली. मग ती पुढे म्हणाली.

माझ्यात काय बदललं, असं कोणी विचारलं तर मी त्या क्षणाकडे बोट दाखवीन. युक्तिवादांनी माझी अढी सैल केली होती, त्यांचं महत्त्व मी कमी मानत नाही. पण मला उभं केलं ते त्या वाक्याच्या उरलेल्या भागाने. मी माती या शब्दापाशी तीन वर्षं बसून होतो. ग्रीक भाषेत पुनरुत्थानाला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ उठून उभं राहणं एवढाच आहे, आणि आपल्या शब्दातही उत्थान आहेच. आज मी पुनरुत्थान मानतो. ख्रिस्त देहाने उठला हे मानतो, आणि माझी पत्नी उठेल हेही मानतो. खोकला आठवला की अजून छातीत कळ येते. ख्रिस्ताच्या हातांवरचे व्रणही उठल्यानंतर तसेच होते, थोमाने ते पाहिले. माझा व्रण पुसला जावा अशी माझी आता मागणी नाही.

आम्ही चुना दिला. अंधार पडायला आला होता. फाटकाबाहेर आल्यावर मी मुलीला फोन लावला आणि तिच्या आईबद्दल बोललो. पाऊण तास. ताई रिकामी बादली घेऊन रस्त्याकडेच्या पारावर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी कबरस्थानात होतो. गाणं मला म्हणता आलं नाही. मेणबत्ती धरून उभा राहिलो. पुढच्या वर्षी, 2025 च्या ईस्टरला, मुलगी बरोबर होती. तेव्हा थोडं गायलो.

2021 च्या त्या एप्रिल-मेमध्ये आपल्या माणसाला मूठमाती न देता घरात बसावं लागलं, अशी माणसं आपल्या प्रत्येक मंडळीत आहेत. काही जण अजून चर्चला येत नाहीत. माझी त्यांना विनंती आहे की त्यांनी एकदा जावं, बरोबर कोणाला तरी न्यावं, आणि ते वाक्य पूर्ण म्हणून घ्यावं. तीन वर्षं झाली की पाच, त्याला उशीर होत नाही. आणि ज्यांच्या शेजारी असं कोणी राहतं, त्यांनी त्यांना उपदेश करू नये, चर्चला चल असंही म्हणू नये. ईस्टरच्या आदल्या शनिवारी, ऊन कलल्यावर, गवत काढायला हाक मारावी.